घरातलं पाणी आणि आपण: शहरी सोसायट्यांमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीच्या सभेत पाण्याचा विषय निघाला की प्रश्न ठरलेले असतात. खरं तर त्यातले निम्मे प्रश्न नसतातच, प्रश्नाच्या सुरात दिलेली उत्तरं असतात. "आधी महापालिकेनं गळती थांबवावी की नाही?" "आम्ही टँकरचे पैसे भरतो ना?" असे सगळे इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः पुण्याची आहेत, कारण माहिती तिथली जास्त. पण ठाणे, नाशिक, नागपूर कुठेही सभेला बसा, सूर फारसा बदलत नाही.

धरणं काठोकाठ भरली आहेत. मग पाणी जपायचं कशासाठी?

पुण्याला पाणी देणारी साखळी म्हणजे खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर. चारही भरली की साधारण २९ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) उपयुक्त साठा होतो. मुठेत विसर्ग सुरू झाला, भिडे पूल पाण्याखाली गेल्याचे व्हिडिओ फिरायला लागले की शहराला वाटतं, वर्षाची चिंता मिटली.

पण हा साठा एकट्या शहराचा नाही. त्यावर हवेली, दौंड, इंदापूरची शेती आहे आणि कालव्याकाठच्या गावांचं पिण्याचं पाणीही आहे. आवर्तन, म्हणजे कालव्यातून सोडायची पाण्याची पाळी, कधी सोडायचं, किती सोडायचं यावरून कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत दरवर्षी ओढाताण होते ती याचसाठी. शिवाय उन्हाळ्यात बाष्पीभवन होतं. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात दिसणारा साठा पुढच्या जुलैच्या मध्यापर्यंत पुरवायचा असतो, कारण जून कोरडा जाणं आता कोणालाच नवीन राहिलेलं नाही. पावसाळ्यात आपण जे पाहतो ती वर्षभराच्या खर्चाची जमा बाजू असते. खर्च अजून सुरूही झालेला नसतो.

शहरात ४० टक्के गळती आहे म्हणतात. माझ्या एका बादलीनं काय होणार?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि तो विचारणाऱ्याला झिडकारून चालत नाही, कारण त्याचा पहिला भाग खरा आहे. पुणे महापालिका स्वतःच गळती ४० टक्क्यांच्या आसपास असल्याचं सांगत आली आहे. समान पाणीपुरवठा योजना, नव्या जलवाहिन्या, नव्या टाक्या आणि मीटर हा सगळा खटाटोप त्याच आकड्याकडे बोट दाखवून मांडला गेला.

आता एक हिशोब करू. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. माणशी रोज १३५ लिटर धरले, तर एका टीएमसीत पावणेसहा लाखांच्या आसपास माणसांचं वर्ष निघतं. पुणे वर्षाला वीस टीएमसीच्या घरात पाणी उचलतं. म्हणजे हिशोबाप्रमाणे ते एक कोटी पंधरा लाखांच्या आसपास लोकांना पुरायला हवं. शहराची लोकसंख्या कितीही ताणली तरी तिथे पोचत नाही. हॉटेलं, दवाखाने, कारखाने सगळे वगळले तरी मोठी तफावत उरते. ती जाते फुटक्या वाहिन्यांत, बेकायदा जोडण्यांत आणि असमान वाटपात. एका पेठेत नळ दिवसभर असतो, तर शहराच्या कडेच्या एखाद्या समाविष्ट गावात टँकरशिवाय दिवस उगवत नाही. तेव्हा गळतीबद्दल महापालिकेला धारेवर धरणं योग्यच आहे, आणि ते सभेपुरतं न ठेवता लेखी करावं.

पण या प्रश्नाचा दुसरा भाग पहिल्यातून निघत नाही. रस्त्यातली गळती महापालिकेची, हे कबूल. जलवाहिनीवरच्या मीटरपासून तुमच्या संडासातल्या फ्लशच्या टाकीपर्यंतची गळती कोणाची? ती सोसायटीची आणि तुमची. गच्चीवरची टाकी रोज पहाटे वीस मिनिटं वाहत असेल तर त्यात महापालिकेचा काही संबंध नाही. तिथे टाकी भरली की पाणी बंद करणारा बॉल व्हॉल्व्ह खराब असतो किंवा मोटर बंद करायला कोणी जागं नसतं.

आणि वाचवलेल्या बादलीचा फायदा धरणात मोजायची गरजच नाही. तो जवळच दिसतो. टँकर कमी लागतो. पाणी वर चढवणाऱ्या पंपाची वीज वाचते. आणि ज्याचा विचार सहसा होत नाही तो तिसरा फायदा सांडपाण्याचा. घरात आलेल्या पाण्यातलं साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडतं, असं अभियंते गृहीत धरतात. पुण्याचं ते पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत जातं. उजनीवर सोलापूर शहराची तहान अवलंबून आहे, आणि धरण उशाला असूनही सोलापूरकरांच्या नळाला वर्षानुवर्षं काही दिवसांआड पाणी येत आलं आहे. आपण जास्त वापरतो तेव्हा त्यांच्या वाट्याला कमी पाणी आणि जास्त घाण जाते.

माणशी दिवसाला खरंच किती पाणी लागतं?

भुयारी गटारं असलेल्या शहरांसाठी भारतीय मानकांत १३५ लिटरचा आकडा आहे. त्याची फोडही दिलेली असते: आंघोळीला ५५, फ्लशला ३०, कपड्यांना २०, भांड्यांना १०, घर पुसायला-धुवायला १०, स्वयंपाकाला ५, प्यायला ५. ही फोड एकदा नीट पाहावी. आपण वाद घालतो पेल्यातल्या उरलेल्या पाण्यावरून, आणि निम्म्याहून जास्त पाणी जातं न्हाणीघर आणि संडासात.

कमीत भागतं का? भागवावं लागलं की भागतं. केपटाऊनमध्ये फेब्रुवारी २०१८ पासून माणशी ५० लिटरची मर्यादा घातली होती. आपल्याकडे लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, आणि त्याआधी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागू करावी लागली होती. तिथल्या माणसाला १३५ लिटरची फोड दाखवली तर तो हसेल.

लोकांना सगळं पटतं, तरी कोणी करत का नाही?

पटण्याचा तुटवडा कुठेच नाही. "पाणी हे जीवन आहे" हे पहिलीतल्या मुलालाही पाठ असतं. पाणी वाचवावं का, असं शंभर जणांना विचारा, शंभर जण हो म्हणतील. अडतं ते दुसरीकडे.

एक तर आपण किती वापरतो हे आपल्याला दिसतच नाही. विजेचं बिल दर महिन्याला युनिटसकट येतं. शेजाऱ्यापेक्षा जास्त आलं तर घरात चौकशी बसते, गीझर कोणी चालू ठेवला याची. पाण्याचं तसं नाही. पुण्यात पाणीपट्टी मिळकतकराबरोबर जाते, सोसायटीचा टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये समान वाटला जातो. तीन माणसांचं काटकसरी घर आणि रोज गॅलरी धुणारं सहा माणसांचं घर, दोघांना रक्कम तीच. मग काटकसर करणारा मूर्ख ठरतो, आणि लोकांना मूर्ख ठरायचं नसतं.

अंदाजही सपशेल चुकतात. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हजारावर लोकांना घरातल्या निरनिराळ्या कामांना किती पाणी लागतं ते विचारलं. त्यांचे अंदाज सरासरीनं प्रत्यक्षाच्या निम्मेच भरले. पाणी कसं वाचवाल, यावर बहुतेकांनी सवयी सांगितल्या, शॉवर कमी वेळ घेऊ वगैरे. फ्लशची टाकी किंवा यंत्र बदलू असं म्हणणारे थोडे. आपल्याकडेही हेच दिसतं. सवय बदलायचा संकल्प सोमवारी सुरू होतो आणि गुरुवारपर्यंत टिकतो. कमी पाण्याची फ्लशची टाकी एकदा बसवली की ती रविवारीही काम करते, पाहुण्यांसाठीही करते आणि विसरभोळ्यांसाठीही.

आणि शेवटचं, माझ्या मते सगळ्यात वजनदार कारण: शेजारी काय करतो याकडे आपलं लक्ष असतं. "वरचे तर पाइप लावून गाडी धुतात, मग मीच का?" हा हेवा नव्हे, न्यायाची साधी अपेक्षा आहे. हे न ओळखता भिंतीवर आणखी एक "पाणी वाचवा" लावण्यात अर्थ नाही. उलट "ब विंगमधल्या बहुतेक घरांचा वापर गेल्या महिन्यात कमी झाला" अशी खरी ओळ लिफ्टजवळ लावली तर ती वाचली जाते. हॉटेलांत टॉवेल पुन्हा वापरा, असं सांगणाऱ्या पाट्यांवर अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हेच आढळलं होतं. पर्यावरणाच्या नावानं केलेल्या आवाहनापेक्षा "इथले बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात" ही पाटी जास्त चालली. फक्त ओळ खरी असायला हवी. खोटी लावली तर पहिल्या सभेतच उघडी पडते.

रोज ताजं पाणी येतं, मग कालचं शिळं पाणी का ठेवायचं?

ही सवय इतकी मुरलेली आहे की तिच्याकडे उधळपट्टी म्हणून कोणी बघतच नाही. सकाळी नळ आला की आदल्या दिवशीचा हंडा, कळशी, माठ, सगळं मोरीत उपडं. पिंप असेल तर तेही. मग ताजं भरायचं. ज्यांच्या घरी पाणी तासभरच येतं, तिथेही हे होतं, हे विशेष.

झाकलेल्या स्वच्छ भांड्यातलं पाणी एका दिवसात खराब होत नाही. ते खराब करतो आपला हात. पेला बुडवून घेतला, बोटं लागली, झाकण उघडं राहिलं, की गडबड सुरू होते. म्हणून ओगराळं ठेवावं किंवा तोटीचा माठ घ्यावा. प्यायचं पाणी रोज बदलायचंच असेल तर बदला, पण जुनं मोरीत न ओतता फरशी पुसायच्या बादलीत किंवा कुंड्यांना घाला.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. डेंगीचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आरोग्य खात्याचे लोक आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात, तो पाळायचाच. पिंप रिकामं करा, आतून घासा, कोरडं करा. त्यातलं पाणी त्या दिवशी कपड्यांना किंवा संडासाला वापरलं की दोन्ही साधतं.

शॉवर वाईट आणि बादली चांगली, असंच ना?

साधारणपणे हो. साधा शॉवर मिनिटाला दहा लिटरच्या आसपास सोडतो, बादली असते अठरा-वीस लिटरची. दोन मिनिटांत शॉवर बंद करणारा माणूस बादलीवाल्याच्या बरोबरीला येतो. पण दोन मिनिटांत शॉवर बंद करणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही, आणि दोन-दोन बादल्या उपसणारे मात्र पाहिले आहेत.

पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये याहून मोठा विषय गच्चीवरच्या सोलर हीटरचा आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. गच्चीवरून खालच्या मजल्यापर्यंत गरम पाण्याचा पाइप येतो. रात्रभर त्यातलं पाणी गार होतं. एक इंची पाइपमध्ये मीटरला जवळजवळ अर्धा लिटर पाणी मावतं. पंचवीस मीटरचा पाइप म्हणजे बारा लिटर. सकाळी सहाला पहिल्या मजल्यावरचे आजोबा नळ सोडतात, हात धरून बघतात, गार. पुन्हा बघतात, कोमट. आणि गरम येईपर्यंत पाऊण बादली मोरीतून गेलेली असते. त्या नळाखाली एक रिकामी बादली कायमची ठेवायची, एवढंच करायचं आहे. ते गार पाणी आंघोळीतच मिसळायला लागतं. नव्या इमारतीत गरम पाणी फिरतं ठेवणारी परतीची लाइन टाकता येते. जुन्या इमारतीत बादलीच बरी.

फ्लश गळतोय हे कळणार कसं? आवाज तर येत नाही.

बहुतेक वेळा येत नाहीच. पाण्याची बारीक धार भांड्याच्या मागच्या बाजूनं सरकत असते आणि पांढऱ्या भांड्यावर पांढरं पाणी दिसत नाही. रात्री झोपताना फ्लशच्या टाकीचं झाकण काढा आणि खाण्याच्या रंगाचे चार-पाच थेंब आत टाका. लाल किंवा हिरवा, जो घरात असेल तो. अर्धा तास कोणी फ्लश करायचा नाही. मग भांड्यात बघा. रंग उतरला असेल तर तळाचं रबरी वॉशर गेलेलं आहे. बोटानं दाबून पाहिलं तर ते कडक झालेलं किंवा त्यावर क्षाराचा खरखरीत थर जमलेला जाणवतो. बोअरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या इमारतींत हे फार लवकर होतं. वॉशर स्वस्त मिळतं. प्लंबर ते बदलायला येईल तेव्हा बाकीच्या संडासांचीही बघून घ्या.

टाकी भिंतीत बसवलेली असेल आणि झाकण निघत नसेल तर दुसरा उपाय: भांड्याच्या मागच्या कोरड्या भागावर टिश्यू पेपर चिकटवून ठेवा. ओला झाला की समजायचं.

जुन्या टाक्या एका वेळी दहा लिटर किंवा जास्त सोडतात. दोन बटणांच्या नव्या टाक्या सहा आणि तीन लिटरच्या असतात. टाकी लगेच बदलायची नसेल तर आत वाळू भरलेली, झाकण घट्ट लावलेली लिटरभराची बाटली उभी ठेवा, तरंगणारा गोळा अडणार नाही अशी. वीट मात्र ठेवू नका. ती विरघळते आणि तिचा चुरा व्हॉल्व्हमध्ये अडकतो.

कामाला येणाऱ्या मावशी नळ सोडून भांडी घासतात. त्यांना कसं समजवायचं?

हा प्रश्न विचारताना "त्यांना जाणीवच नाही" असं पुढे हमखास जोडलं जातं. मला हे ऐकताना नेहमी आश्चर्य वाटतं. ज्या बाईच्या वस्तीत पाणी तासभर येतं, जिनं पहाटे नळावर नंबर लावून, भांडून कळशा भरलेल्या असतात, तिला पाण्याची जाणीव नाही? स्वतःच्या घरी ती एका घमेल्यात घासते आणि दुसऱ्यात विसळते. तुमच्या घरी नळ सोडते, कारण तिला आणखी चार घरं उरकायची आहेत, सिंकमध्ये टब नाही, आणि नळ तुमचा आहे.

सिंकमध्ये मावेल असा टब आणून द्या, खरकटं आधी काढून ठेवा, नळाला एरेटर, म्हणजे धारेत हवा मिसळणारी जाळी, बसवा. साधा नळ मिनिटाला दहा-पंधरा लिटर सोडतो, एरेटर तो प्रवाह निम्म्याच्या खाली आणतो आणि धार तरीही भरल्यासारखी वाटते. आणि हे सगळं एकदा स्वतः त्या सिंकपाशी उभं राहून करून पाहा. कढईला चिकटलेलं पिठलं एरेटरच्या धारेनं निघत नाही, ती आधी भिजत घालावी लागते, हे तेव्हा कळतं.

पाण्याची काटकसर हे घरातल्या बायकांचं खातं समजलं जातं, मग ती घरची असो की कामाला येणारी. गाडी, बाग आणि टाकीची मोटर ही खाती पुरुषांकडे असतात, आणि त्यांचा हिशोब कोणी विचारत नाही.

आरओचं वाया जाणारं पाणी किती, आणि त्याचं करायचं काय?

घरगुती आरओमध्ये एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर पडणं नेहमीचं. नळी बादलीत सोडा. त्या पाण्यात क्षार जास्त असतात, म्हणून फरशी, संडास आणि पहिल्या धुण्याला ठीक; कुंड्यांना रोज घालू नये. पण त्याआधी आरओ हवाच का ते तपासा. धरणाच्या पाण्यात क्षार मुळातच कमी असतात. तिथे अतिनील किरणांचा किंवा साधा फिल्टर पुरतो. विक्रेता मीटर बुडवून आकडा दाखवतो आणि आपण घाबरतो. तो आकडा विरघळलेल्या क्षारांचा असतो, जंतूंचा नव्हे.

घराघराला मीटर लागला तर बिल वाढेल ना?

जास्त वापरणाऱ्यांचं वाढेल, आणि ते व्हावंच. बाकीच्यांनी घाबरावं असा दर आपल्या शहरांत नाही. मुंबईत घरगुती पाण्याचा दर हजार लिटरला दहा रुपयांच्याही आत राहिलेला आहे. स्टेशनवर लिटरभराच्या बाटलीला आपण जे मोजतो, त्यात महापालिकेचं दोन हजार लिटरहून जास्त पाणी येतं. इतकं स्वस्त पाणी वाचवण्यात पैशाचं आकर्षण नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. मीटरचा उपयोग आकडा समोर यायला होतो. पहिल्या महिन्याचं वाचन आल्यावर घरोघरी जे संभाषण होतं ते कुठल्याही व्याख्यानानं होत नाही.

जुन्या इमारतींत अडचण खरी आहे: एका घरात पाणी तीन-चार उभ्या लाइनींतून येतं, म्हणजे तितके मीटर लागतात. तिथे विंगनिहाय मीटरनं सुरुवात करावी.

टँकरचे पैसे आम्हीच भरतो. मग कसंही वापरू, कोणाला काय?

पैसे तुम्ही टँकरच्या फेरीचे भरता. पाणी बहुधा शेजारच्या गावातल्या विहिरीचं किंवा बोअरचं असतं. दख्खनच्या बेसाल्टमध्ये पाणी साठतं ते भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात. मोठा भूमिगत तलाव खाली कुठेच नसतो. त्या गावात एका विहिरीवरून दिवसभर टँकर भरले की उन्हाळ्यात आजूबाजूच्या विहिरी तळ दाखवतात. महाराष्ट्रात २००९ चा भूजल अधिनियम आहे. अंमलबजावणी कितपत होते, हे टँकरच्या रांगा बघून प्रत्येकानं ठरवावं.

दहा हजार लिटरचा एक टँकर म्हणजे ७४ माणसांचा १३५ लिटरप्रमाणे एका दिवसाचा वापर. तुमच्या सोसायटीत माणसं किती आणि टँकर किती, हा भागाकार सभेत फळ्यावर करून पाहा. उत्तर बहुधा गप्प करणारं येतं.

नळाला मोटर लावली तर काय बिघडलं? सगळेच लावतात.

ती खालच्या आणि पुढच्या घरांचा दाब ओढून घेते. पाइपला भेग असेल तर शेजारच्या गटारातलं पाणीही आत खेचते. नियमानं बंदी आहे, सापडली तर जप्त होते. आणि "सगळेच लावतात" म्हणूनच शेवटच्या घरात पाणी येत नाही.

एसटीपीचं (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पाचं) पाणी फ्लशला वापरायला किळस येते. बरोबर आहे का?

किळस येणं समजण्यासारखं आहे, विशेषतः वास येत असेल तर. पण वास हा प्रकल्प नीट न चालवल्याचा पुरावा आहे, कल्पना वाईट असल्याचा नाही. वीस हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या बांधकामांना पर्यावरण मंजुरी लागते आणि तिथे सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प असतो. बिल्डर तो बांधून देतो, सोसायटी ताब्यात घेते आणि दोन वर्षांत विजेच्या बिलाच्या नावाखाली तो बंद पडतो. मग बागेला टँकर येतो! चालवणाऱ्या कंपनीकडून दर महिन्याला तपासणीचा अहवाल मागा आणि तो सूचनाफलकावर लावा. शंका असेल त्यांना एकदा बाहेर पडणारं पाणी काचेच्या पेल्यात दाखवा. स्वच्छ दिसलं आणि वास आला नाही, तर फ्लशबद्दलचा निम्मा विरोध तिथेच मावळतो. ते पाणी प्यायचं किंवा हात धुवायचं नाही, हे मुलांना आणि कामाला येणाऱ्यांना मात्र स्पष्ट सांगायला हवं. लाइन वेगळ्या रंगाची असावी.

गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवणं परवडतं का?

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर शंभर चौरस मीटर गच्चीवर ७० हजार लिटर पडतो. बाष्प, पहिला पाऊस सोडून देणं वगैरे वजा जाता पन्नास हजारांच्या वर हाती लागतो. पण तो चार महिन्यांतच पडतो, तेव्हा टाकीत साठवण्यापेक्षा बोअरमध्ये मुरवणं शहरात सोयीचं. मधल्या गाळणीची वाळू-खडी दर उन्हाळ्यात धुवायची असते, नाहीतर पाणी बाजूनं वाहून जातं आणि यंत्रणा नुसती कागदावर राहते. पुणे महापालिका सौर, गांडूळखत आणि पर्जन्यजल यांपैकी एक केल्यास मिळकतकरातल्या सर्वसाधारण करात ५ टक्के आणि दोन केल्यास १० टक्के सवलत देत आली आहे. सवलत घेताना प्रकल्प चालू असल्याचं दाखवावं लागतं.

गाडी धुण्यावर दंड लावावा का?

बंगळूरुनं मार्च २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यानं गाडी धुणं, बागेला घालणं यावर ५,००० रुपये दंड जाहीर केला. सोसायटीत दंडापेक्षा साधा नियम चालतो: पाइप नाही, एक बादली आणि फडकं. नियम अध्यक्षांच्या गाडीलाही हवा.

पाहुण्यांना अर्धा पेला पाणी देणं वाईट दिसत नाही का?

पुण्यातल्या काही हॉटेलांनी २०१८ च्या सुमारास अर्धा ग्लास पाणी द्यायला सुरुवात केली, तेव्हा पुणेकरांवर विनोद झाले, आणि विनोद करणारे पुणेकरच होते. पिण्याच्या पाण्यात वाचतं थोडंच. घरी तांब्या-भांडं समोर ठेवा, ज्याला हवं तेवढं तो घेईल. हीच आपल्याकडची जुनी रीत आहे.

आमच्या आई-वडिलांना पाणी जपायला शिकवावं लागत नाही. पुढच्या पिढीला का लागतं?

त्यांनी पाणी नसणं पाहिलं आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, खडकवासलाही गेलं, आणि शहराचा नळच बंद पडला. तेव्हा वाड्यांतल्या विहिरी पुन्हा कामाला आल्या. त्या पिढीच्या घरात आजही एक भरलेली कळशी जादा असते. चोवीस तास टाकीवर वाढलेल्या मुलाला असा अनुभव नाही, आणि केवळ शिकवणीसाठी त्याला तो यावा असं कोणी म्हणणार नाही. पण एप्रिलमध्ये त्याला गच्चीवर नेऊन टाकीचं झाकण उघडून आत किती पाणी आहे ते दाखवता येतं. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून पाणी दिवसाआड येतं. तिथल्या मुलांना वार विचारला तर ती पाण्यावरून सांगतात.

सोसायटीत सुरुवात कुठून करावी?

मोटरपासून. टाकी भरली की आपोआप बंद होणारा सेन्सर बसवा. वॉचमनच्या झोपेवर पाणी सोडू नका.

मग एक रात्र मीटर वाचा. रात्री एकला एक आकडा, पहाटे चारला दुसरा, मध्ये टाक्या भरू नयेत. त्या तीन तासांत सगळं घर झोपलेलं असतं, तरीही काटा फिरला असेल तर ती गळती. कुठल्या विंगला आहे ते एकेक व्हॉल्व्ह बंद करून शोधता येतं. जुन्या इमारतींत व्हॉल्व्ह गंजून जाम झालेले असतात, त्यामुळे आधी प्लंबरला बोलावून ते फिरते करून घ्या, प्रत्येकाला कोणत्या विंगचा आहे त्याचा पत्र्याचा बिल्ला बांधा आणि जमिनीखालच्या टाकीच्या खोलीची दुसरी किल्ली अशा घरी ठेवा जिथे दिवसा कोणीतरी असतं.